'पगार न घेता सेवा' हे आम्हाला ऐकवू नका

नाईट_ड्युटी (धागाकर्ती)
काल सोमेश्वर_धबधबा यांनी निळ्या काठाच्या साडीतल्या सिस्टरांचा, म्हणजे मदर तेरेसांच्या संस्थेतल्या धर्मभगिनींचा, फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या नर्सेस पगारवाढीसाठी संपावर. ह्या बघा, जगभर कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतात, दमडी न घेता. शिका काहीतरी.' त्याला बदाबदा बदाम पडले. ते वाचून रात्रभर झोप नाही, म्हणून हे लिहितेय. लांब होईल, सवड असेल तरच वाचा.

मी ३४ वर्षं नर्स होते. पहिली सहा सुरगाण्याकडच्या एका मिशन दवाखान्यात. तिथल्या मोठ्या सिस्टर केरळच्या. मराठी मोडकंतोडकं, पण कोकणा लोकांची बोली अशी फर्डी की बाया आधी त्यांच्याशी बोलायच्या, मग माझ्याशी. लाईट गेली की टॉर्च माझ्या हातात आणि टाके त्यांचे. शेवटी गॉजचे तुकडे मोजायच्या ते मात्र मल्याळममध्येच: ओन्नु, रण्डु, मून्नु. एक कमी भरला की कुणी जागचं हलायचं नाही. एकदा पहाटे चारला एक तुकडा सापडेना, तर पाऊण तास बादली उपसली. (निघाला माझ्याच चपलेखाली. त्यानंतर आठ दिवस त्या माझ्या पायांकडे बघून हसायच्या.)

याला सेवा म्हणू नका, हे काम आहे. शिकून, घोटून आलेलं काम. नुसती सेवा कुठं नेते तेही ऐका. १९७६ साली आफ्रिकेत झैरमधल्या (आताचं काँगो) यांबुकूच्या मिशन हॉस्पिटलात बेल्जियन सिस्टर होत्या. रोज सकाळी पाच सिरिंजा काढायच्या आणि त्याच दिवसभर, सगळ्या पेशंटना. मधे उकळायच्याही नाहीत, नुसत्या कोमट पाण्यात खळबळायच्या. इबोला तिथून पसरला. ३१८ लोकांना लागण, २८० मेले, त्यात सिस्टरही. माया कमी नव्हती हो त्यांच्यात. सिरिंजा कमी होत्या.

आता पगार. मला तिथं जेवण धरून साडेतीनशे मिळायचे. सिव्हिलला लागलेल्या मैत्रिणीला दुपटीच्या वर. वाढ मागितली तर ऑफिसातले फादर म्हणाले, 'सिस्टर तर काहीच घेत नाहीत.' सिस्टरांच्या म्हातारपणाला त्यांचा संघ, म्हणजे त्यांची धर्मसंस्था आहे, कॉन्व्हेंट आहे. माझ्या सासूच्या मोतीबिंदूला कोण होतं?

सोमेश्वर_धबधबा
ताई, पोस्टमागची भावना बघा ना. कौतुक करायचीही चोरी झाली आता.

नाईट_ड्युटी
कौतुक त्यांचं आणि टोमणा आम्हाला. भावना कळली.

गोदाकाठचा
पगाराचं राहू द्या. फुकट काहीच नसतं, हे मुख्य. पेठकडचा एक माणूस आमच्या द्राक्षबागेत दरवर्षी छाटणीला येतो. त्याचा बाप आदिवासींच्या डोंगऱ्या देवाला बसायचा. हा आता रविवारी प्रार्थनेला जातो, नारळसुद्धा फोडत नाही. आधी गोळ्या, मग गळ्यात क्रॉस. आपल्या नाशिकच्या शरणपुराचं नाव कशावरून पडलं विचारा कुणाला.

नेहरूनगर_४
शरणपूर अँग्लिकन मिशनऱ्यांनी वसवलं, दादा. काथलिकांचा संबंध नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं वाढली, त्यातलाच एक जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिका फिरलेल्या लिव्हिंगस्टनचं शव घेऊन लंडनला गेला. तुमच्या बागेतला माणूस जातो ती बहुतेक चंगाईची, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्यांची सभा. ते आम्हालाच म्हणतात, 'तुम्ही मूर्तिपूजक'! फेब्रुवारीत बाळयेशूच्या यात्रेला येऊन बघा. रांगेतले निम्मे लोक कुंकू लावलेले असतात, आणि त्यांना कुणी बाप्तिस्म्याचा फॉर्म भरायला लावत नाही.

गोदाकाठचा
तुमच्यातले पोटभेद मला पाठ करायचे नाहीत. डोंगऱ्या देव गेला की नाही, एवढं सांगा.

नेहरूनगर_४
गेला असेल, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण तो काय सिस्टरांनी पळवला? मध्य प्रदेशात उदयनगरला राणी मारिया नावाच्या सिस्टर शेतमजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवत होत्या. बचत शिकवली, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. पुढं त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ब्राझीलमध्ये डोरोथी स्टँग, वय ७३, जंगलतोडवाल्यांच्या आड येत होत्या म्हणून २००५ साली गोळ्या घातल्या. दुखतं ते व्याज आणि जमीन, देव नव्हे.

शंका_विचारा
राख्या बाजूला ठेवू. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक मदर तेरेसांच्या कालीघाटच्या मरणासन्नांच्या घरी जाऊन आले आणि १९९४ साली त्यांनी लिहिलं की मरणाऱ्यांना जोरकस वेदनाशामकं मिळत नाहीत. आणि मदर तेरेसांना १९७९ साली नोबेल मिळालेलं होतं, म्हणजे पैसा नव्हता असंही नाही. दुखण्याला पवित्र मानलं की मॉर्फिनची गरज उरत नाही.

आणि धागाकर्तीबाई, 'सिस्टर काही घेत नाहीत' हेही अर्धंच. अनुदानित शाळेतल्या सिस्टरला सरकारी पगार मिळतो, तो जातो संघाच्या खात्यात. गरिबीचं व्रत आहे म्हणून टीडीएस कापू नका, असा खटला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कापा.

नाईट_ड्युटी
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पगार असतो, फक्त बाईच्या हातात पडत नाही. मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं, आभार.

पाच_रुपये_दंड
सिस्टर, सिस्टर काय लावलंय! मी इथल्या एका कॉन्व्हेंटात शिकले. मराठी बोललं की पाच रुपये दंड. नागपंचमीची मेंदी रंगली म्हणून सिस्टरनं हात घासणीनं घासायला लावले, मी तिसरीत होते. गरिबांची सेवा म्हणे. आमच्या वर्गात गरीब कोण होतं? प्यूनचा एक मुलगा.

द्वारका_सिग्नल
+१. आमच्याकडे दहा रुपये होते.

सोमेश्वर_धबधबा
पण इंग्रजी आलं ना त्यामुळे?

पाच_रुपये_दंड
आलं. आजीशी बोलायचं गेलं. हिशेब तुम्हीच करा.

मखमलाबादकर
मुळात तुमच्या आईवडिलांनी रात्री तीनपासून फॉर्मच्या रांगेत उभं राहून घातलं तिथं. सिस्टर घरी आल्या होत्या का बोलवायला? मी पालिकेच्या शाळेतला. आमच्या वर्गात ६० पोरं होती, आता तिथं १४ आहेत. मराठीचे गळे काढणाऱ्यांची पोरं कुठं आहेत?

पाच_रुपये_दंड
माझी मुलगी मराठी माध्यमात आहे. पत्ता देऊ?

मखमलाबादकर
शाब्बास. कितवीपर्यंत? पाचवीला सेमी, आठवीला सीबीएसई, मला नाशिककर माहीत आहेत.

पाच_रुपये_दंड
तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या मुलीवर घसरलात. लाज वाटू द्या थोडी.

गोदाकाठचा
बघा, हिंदूच हिंदूंशी भांडतायत आणि सिस्टर निवांत.

नेहरूनगर_४
निवांत? जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर दोन केरळी सिस्टरना धर्मांतर नि तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. जामीन मिळेपर्यंत आठवडा उलटला. माझी मावशी सिस्टर आहे, ७१ वर्षांची. तेव्हापासून रेल्वेनं एकटी जात नाही, आणि जाताना साध्या साडीत जाते. निवांत म्हणे.

आणि शंकासाहेब, एक बाजूच का सांगता? १९९५ साली झैरमध्येच, किक्विटला, पुन्हा इबोला आला. सहा इटालियन सिस्टर पेशंटपाशी थांबल्या, सहाही गेल्या. कारकुनी चुका सगळ्यांच्या होतात, थांबतं कोण ते बघा.

शंका_विचारा
थांबल्या, मान्य. सलाम. पण थांबण्याचं कौतुक करून ग्लोव्हजचा प्रश्न सुटत नाही. आणि सगळ्या चुका कारकुनी नसतात. बाळंतपण करायला तुमच्या चर्चनंच सिस्टरना १९३६ सालापर्यंत बंदी घातली होती. रावळपिंडीत बाया पुरुष डॉक्टरकडे जायच्या नाहीत, मरायच्या. ते बघून आना डेंगेल नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरबाईनं १९२५ साली स्वतःचा संघ काढला आणि रोमशी अकरा वर्षं झगडली.

नेहरूनगर_४
आमच्याच बाईचं उदाहरण देऊन आम्हालाच हाणता. बरं, बाई भारी होती, एवढ्यावर सही करतो.

नाईट_ड्युटी
अहो, माझा प्रश्न पगाराचा होता! मराठी, मेंदी, मॉर्फिन, सगळं झालं. २०१६ साली केंद्राच्या समितीनं सांगितलं की ५० खाटांखालच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० द्या. माझी भाची इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात अकरा हजारावर नाईट करते. मालक तिला काय म्हणाला असेल? 'हे सेवेचं क्षेत्र आहे, मॅडम.' तो कुठल्या धर्माचा हे विचारू नका, गोदाकाठचे नाराज होतील.

गोदाकाठचा
अकरा हजार कमीच आहेत. एवढंच मान्य. बाकी काही नाही.

मखमलाबादकर
आमच्या आईला मण्यार चावली तेव्हा वणीकडच्या रस्त्यावर एका सिस्टरनं जीप थांबवून स्वतः मांडीवर डोकं घेतलं होतं. कुठल्या संघाची, काय, विचारलंही नाही. विषय निघाला म्हणून सांगितलं. आई आहे अजून.

नाईट_ड्युटी
इंजेक्शन कुठं दिलं?

मखमलाबादकर
सिव्हिलला. नर्सनं. कळलं, ताई, कळलं.

सोमेश्वर_धबधबा
पोस्टमधून 'दमडी न घेता' आणि 'शिका काहीतरी' काढलं आहे. फोटो तसाच ठेवतोय. आता तरी झोपा.

द्वारका_सिग्नल
दंडाची पावती मिळायची का कुणाला? आमचे दहा रुपये कुठं गेले, ते अजून कळलेलं नाही.

पाच_रुपये_दंड
गरीब मुलांच्या पेटीत, असं सांगायच्या. प्यूनच्या मुलाकडूनही घ्यायच्या.