लाईट गेली, कूलर थांबले आणि वरच्या घरातलं ऐकू आलं. दार ठोकायचं की नाही?

अर्धी_मेणबत्ती (धागा सुरू करणार)

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे. आमच्या स्कीममध्ये रात्री सगळ्यांचे कूलर सुरू असतात, त्या घरघरीत बाजूच्या घरात काय चाललंय ते कुणाला कळत नाही. (नागपूरबाहेरच्यांसाठी: फ्लॅट स्कीम म्हणजे तुमची सोसायटी.) परवा रात्री साडेअकराला लाईट गेली. सगळे कूलर एकदम थांबले आणि वरून आवाज आला. आधी काहीतरी भिंतीवर आदळल्याचा. मग बाईचा, दबका: "हळू, पोरगी उठेल."

"मारू नका" नाही म्हणाली. "हळू" म्हणाली.

मी वर गेलो. बेलवर बोट ठेवलं, मग लक्षात आलं की लाईटच नाही. दार ठोकलं. त्याने उघडलं, घामाने निथळत होता. मला काही सुचेना, तोंडातून निघालं, "मेणबत्ती आहे का एखादी?" त्याने आतून आणून दिली. त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही.

तेवढ्या वेळात खालच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थाने जिन्यात उभं राहून रेकॉर्डिंग केलं आणि स्कीमच्या ग्रुपवर टाकून दिलं. सकाळपर्यंत त्याखाली रडके चेहरे, एक "शेम शेम" आणि कुणाचं तरी गुलाबाचं गुड मॉर्निंग. दुपारी नवऱ्याचा मेसेज: "ज्यानं टाकलं त्याला पाहून घेईन." संध्याकाळपासून रेकॉर्डिंगवाल्याच्या बायकोला अनोळखी नंबरवरून घाणेरडे मेसेज येऊन राहिले आहेत. आणि ती बाई भाजीच्या ठेल्यावर यायची बंद झाली.

माझं मत: दार ठोकावं, ग्रुपवर टाकू नये. तुमचं सांगा.

तर्री_जास्त

भाऊ, मेणबत्ती मागून कोणती क्रांती केली तुमी? आमच्या मोहल्ल्यात एकानं असंच मधात तोंड घातलं होतं. तीच बाई अंगावर आली त्याच्या, "तुमाले काय करा लागते?" म्हणून. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको गाडीवर बसून फुटाळा तलावावर फिरायला. हा बिचारा चार महिने जिन्यात मान खाली घालून जाऊन राहिला होता. दुसऱ्याच्या घरात काहून जायचं सांगा?

महाल_ते_मनीषनगर

@तर्री_जास्त, ती अंगावर आली कारण तुमचा माणूस गेल्यावर तिला त्याच घरात रात्र काढायची होती. नवऱ्याच्या देखत ती दुसरं काय बोलणार होती?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. तुमच्या स्कीममध्ये किती घरं आहेत? करा हिशोब.

पुरावा_पाहिजे

मी तर रेकॉर्डिंगवाल्याच्या बाजूने. मेणबत्ती मागून एक रात्र निघाली, पुढच्या रात्रीचं काय? पुराव्याशिवाय पोलिस येतात आणि "आपसात मिटवा" म्हणून जातात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चार लोकांत अब्रू गेली की असा माणूस दबतो.

कस्तुरबा नगर विसरलात का? नागपूरच्या त्या वस्तीतल्या बाया अक्कू यादव या गुंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत होत्या. कोण ऐकलं? १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या कोर्टात जे झालं ते जगाने पाहिलं. गवगवा केल्याशिवाय या शहरात कुणी हलत नाही.

काळा_कोट

कस्तुरबा नगरचं नाव घेताना जरा जपून. त्या बायांनी गवगवा करायचा कमी केला नव्हता, त्यांच्या तक्रारींवर वेळेत कारवाई झाली नाही. जमावाने भर कोर्टात अक्कूला मारलं, खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी सुटले. त्यातून "ग्रुपवर टाका" हा धडा कसा काय निघतो ते मला कळलं नाही. शिवाय अक्कू यादव वस्तीचा गुंड होता. इथे मारणारा रात्री त्याच बिछान्यावर झोपतो, चार लोकांत गेलेल्या अब्रूचा हिशोब तो घरात चुकता करतो.

आता कायद्याचं, थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याचं कलम ४ शेजाऱ्यांसाठीच आहे म्हणा ना: हिंसा होते आहे किंवा होईल असं वाटण्यासारखं कारण असलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर ना दिवाणी दावा होतो ना फौजदारी. मार चालू असताना मात्र थेट ११२ (पोलिस). नंतर सल्ल्यासाठी १८१ (महिला हेल्पलाइन), किंवा आपल्याकडे बायांच्या मदतीसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे. वकिलाची फी बाईला परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, बाईसाठी उत्पन्नाची अट नाही.

रेकॉर्डिंग करायला हरकत नाही. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या. कोर्टात द्यायची वेळ आली तर सोबत प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५-ब, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३), आणि दहा ग्रुपांतून फिरून आलेल्या क्लिपसाठी ते कोण देणार? धमकीचे मेसेज डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. धमकी हा न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, नाव लपवून दिली तर शिक्षा आणखी वाढते. १९३० हा मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा नंबर, या कामासाठी सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल किंवा जवळचं ठाणं.

अ‍ॅडमिन_नाइलाजाने

मी पण अशाच एका ग्रुपचा अ‍ॅडमिन. कुणी काही टाकलं की आधी माझीच झोप उडते. असल्या क्लिपसाठी अ‍ॅडमिनवर केस होते का?

काळा_कोट

@अ‍ॅडमिन_नाइलाजाने, २०२१ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, आधीपासून मिलीभगत असली तर गोष्ट वेगळी. पण आता अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येतो. स्क्रीनशॉट घेऊन झाले की क्लिप काढून टाका, केस होणार नाही म्हणून ठेवू नका.

दुसरी_बाजू

सगळे बायकांच्याच बाजूने. माझ्या भावावर वहिनीने केस टाकली, आमच्या म्हाताऱ्या आईचंही नाव घातलं. सहा वर्षं तारखा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की ४९८-अ (नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम) मध्ये सरसकट अटक करू नका. काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच ना? जिन्यातून चाळीस सेकंद ऐकून माणसाला राक्षस ठरवायचं?

काळा_कोट

तुमच्या आईचं वाईट वाटलं, मनापासून. पण ४९८-अ (आता न्याय संहितेचं कलम ८५) आणि २००५ चा कायदा यांची गल्लत होते आहे. २००५ च्या कायद्यात पहिल्या पायरीवर अटक नाही. मॅजिस्ट्रेट आदेश देतात: मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे. तो संरक्षण आदेश मोडला तर गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं आहे. प्रत्यक्षात किती लागतात ते माझ्या पक्षकारांना विचारा.

गव्हाची_कोठी

एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिते.

मी ती "हळू" म्हणणारी बाई होते. नऊ वर्षं.

माझ्याही दारावर लोक आले होते. एकदा खालचे काका आले, भला माणूस, माझ्या नवऱ्याला चांगलं झापलं. ते गेल्यावर मी जास्त मार खाल्ला, "तूच सांगितलं असशील" म्हणून. एकदा कुणीतरी फोन केला, पोलिस आले. मी स्वतः दारात उभं राहून म्हटलं, काही नाही साहेब, टीव्हीचा आवाज होता. आमच्याकडे टीव्ही महिनाभर बंद होता.

मला बाहेर काढलं समोरच्या काकूंनी. त्यांनी कधी नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. दुपारी तो ड्युटीवर गेला की कढीपत्ता मागायला यायच्या. तीन-चार महिने नुसता कढीपत्ता. मग एक दिवस म्हणाल्या, "तुझे कागद माझ्याकडे ठेवत जा." मी एकेक करून नेऊन दिले. आधार, पोराचा जन्मदाखला, पासबुक, लग्नाचा एक फोटो, मेयो हॉस्पिटलात हाताला प्लॅस्टर केलं होतं त्याची चिठ्ठी. काकूंच्या गव्हाच्या कोठीत, गव्हाच्या खाली, पिशवीत. चिठ्ठीवर मी "बाथरूममध्ये पडले" असंच सांगितलं होतं, पण तारीख खरी होती आणि ती तारीखच पुढे कामी आली.

निघाले तो दिवस मी ठरवला. मंगळवार होता, त्याची डबल ड्युटी.

म्हणून दार ठोकणाऱ्या दादांना सांगते, मेणबत्ती मागितली ते चांगलं केलं. "काय चाललंय इथे?" विचारलं असतं तर त्याचे पैसे तिने भरले असते. रेकॉर्डिंगवाल्याला मात्र मी माफ करणार नाही. तिची पोरगी शाळेत जाते ना? त्या ग्रुपमधल्या पोरांच्या आयांच्या फोनमध्ये आता तिच्या आईचा आवाज आहे.

पुरावा_पाहिजे

ताई, हे शाळेचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी जीव जायची वेळ आली तर तिने ठरवण्याची वाट पाहायची का?

गव्हाची_कोठी

गळा धरल्याचा, चाकूचा, रॉकेलचा संशय आला तर वाट पाहू नका, ११२ लावा. ती दारात येऊन टीव्हीचा आवाज म्हणाली तरी लावा. बाकी दिवशी तिला विचारा.

तर्री_जास्त

कढीपत्त्याचं पटलं बाप्पा. ते जमते आपल्याले. पण दार ठोकायचं मी अजून बी नाई म्हणतो, आणि @अर्धी_मेणबत्ती भाऊ, तुमी इथं लिहून काय वेगळं केलं? तो बी वाचत असंल.

अर्धी_मेणबत्ती

@तर्री_जास्त, रास्त आहे. मजला, वेळ आणि आणखी दोन गोष्टी बदलून लिहिल्या आहेत. कोणत्या ते सांगणार नाही.

क्लिप ग्रुपवरून काढली. रेकॉर्डिंगवाले आणि त्यांच्या मिसेस स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जाऊन आले, तक्रार दिली.

मला एक मेणबत्ती परत करायची होतीच. काल दुपारी, तो कामावर असताना, बायकोला पाकीट घेऊन वर पाठवलं. दोन मिनिटांत येईल असं वाटलं होतं, पाऊण तास आत होती. काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही. खाली आल्यावर तिने धान्याचा डबा रिकामा करून पुसून ठेवला, एवढंच सांगतो.