नऊ महिन्यांचं लेकरू रात्री उठतं ते नखऱ्यानं नाही

अंगणवाडीताई, कारंजा

काल इथे एका ताईंनी लिहिलं, "नववा महिना लागला की रात्रीचं अंगावरचं दूध बंद. चार रात्री रडेल, पाचव्या रात्री गुमान झोपेल. दिवसा दर दोन तासांनी वाटीभर वरणाचं पाणी द्या." खाली बऱ्याच जणींचं "आजपासूनच करते" वाचलं आणि राहवलं नाही.

नऊ ते अकरा महिन्यांच्या लेकराला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 300 कॅलरी लागतात. निम्म्याहून जास्त ताकद अजून दुधातूनच येते. आता कापूस वेचणीचे दिवस धरा. माय सकाळी आठला वावरात जाते, दिवेलागणीला परत येते. तेवढा वेळ अंगावर पिणं नाही, म्हणून लेकरू रात्री तीन-चारदा उठून दिवसाचं दूध भरून काढतं. तेही तोडलं तर त्यानं ते आणायचं कुठून?

वरणाच्या पाण्यातून तर नक्कीच नाही. आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी 240 मिलीच्या आसपासच मावतं. त्यात डाळीवरचं निवळ पाणी गेलं की पोट तट्ट दिसतं, पण डाळ राहते पातेल्याच्या बुडाशी आणि जाते मोठ्यांच्या ताटात.

घास असा हवा की चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, चिरलेला पालक किंवा शेवग्याचा पाला, सगळं गरगट शिजवून चमच्यानं दाबायचं आणि वरून चमचाभर तेल नाहीतर तूप. 250 मिलीच्या वाटीनं अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. मधे एक-दोनदा केळं, उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट घालून कालवलेली भाकर. मायनं घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी पाजावं, मग चूल पेटवावी. निजायच्या आधी घट्ट जेवण आणि त्यावर पाजणं. सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा. दोन आठवडे हे करून बघा, मग रात्रीचं बोलू.

कापूसपट्ट्यातली आई

पोस्ट माझी आहे. ताई, तुमचं सगळं कागदावर बरोबर आहे. पण पहाटे पाचला उठून स्वयंपाक, पाणी, डबा आटोपून दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई रात्री चारदा उठली तर दुसऱ्या दिवशी किती वेचेल? मजुरी किलोवर मिळते. झोप मोडली की वेचणी घटते, आणि वेचणी घटली की तुमच्या खिचडीतली मूगडाळ कुठून येणार? सल्ला देताना लेकराचं वजन धरता तसं मायचंही धरा.

दर दोन तासांनी म्हटलं कारण घरात आजी असते. तिला डोळे कमी, दात नाहीत, चुलीपाशी बसवत नाही. पातळ पाजणं तिला जमतं. घट्ट घास भरवायला अर्धा तास लागतो, तो कोण बसणार?

वऱ्हाडी आजी

आजीले डोये कमी असतीन, अक्कल नाई का बाप्पा? घट्ट घास आजीच भरवते. पर लेकराच्या हातात चमचा द्या लागते, सांडू द्या लागते. सुना मंग म्हणते घर घाण झालं, म्हून आजी पातय पाजते.

आन दूध तोडाची रीत नवी नाई. कोरफडीचा गर लावला, निंबाचा पाला लावला, दोन दिवसात लेकरू तोंड फिरवते. कोनी मेलं नाई त्याच्यानं.

सिस्टर, धारणी

आजी, मेलं नाही हे खरं, पण एकदम तोडलं की मायच्या अंगात दूध साचतं, गाठी होतात, लाल होऊन हुडहुडी भरून ताप येतो. मग ती वावरातही जात नाही आणि घरातही उठत नाही. गाठ आली असताना पाजणं थांबवलं तर दुखणं वाढतं, कारण ते दूध बाहेर निघायला हवं. तोडायचंच असेल तर हळूहळू. दर दोन-तीन रात्रींनी एका वेळचं पाजणं दोन-दोन मिनिटांनी कमी करायचं. छाती फार भरली तर आराम पडेल इतकंच हातानं पिळून काढायचं. सगळं रिकामं केलं तर दूध तेवढंच पुन्हा बनतं.

आता ताईंशीही माझं भांडण आहे. प्रत्येक उठणं भुकेचं नसतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण 50-60 मिनिटांचं असतं. प्रत्येक चक्राच्या शेवटी लेकरू अर्धवट जागं होतं. तोंडात घेऊनच झोपायची सवय असेल तर प्रत्येक वेळी तेच मागतं. त्याला कितीही खिचडी घाला, उठणारच. भुकेनं उठलेलं लेकरू घटाघट आवाज करत गिळतं आणि पाच-दहा मिनिटं पितं. सवयीनं उठलेलं दोन-चारदा चोखून डोळे मिटतं. आधी हे ओळखा. सवयीचं असेल तर निजायचं पाजणं झोपेच्या वीस-तीस मिनिटं आधी आटपा, कंदील बारीक करा आणि जागं असतानाच अंथरुणावर ठेवून थोपटा.

कापूसपट्ट्यातली आई

म्हणजे सवय असते, हे मान्य केलंत.

अंगणवाडीताई, कारंजा

सवय असते, मान्य. पण नवव्या महिन्यात ती मोडायची घाई नको. वर्षाचं होऊ द्या, वजनाची रेघ चढती असू द्या, मग मोडा. वजनाच्या कार्डावर दोन महिने रेघ आडवी असेल, किंवा दंडाचा घेर मोजायच्या रंगीत पट्टीवर तो 12.5 सेंटीमीटरच्या खाली पिवळ्यात असेल, तर रात्रीचं दूध तोडणं म्हणजे लेकराला लालमध्ये ढकलणं. 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण.

गोंदियाची आशा

घट्ट-पातळ वरून एक सांगते. आमच्याकडे भाताची पेज चालते. घट्ट केली की लेकरू गिळत नाही, पातळ केली की ताकद जाते. यावर उपाय आहे, मोडाचं पीठ. गहू बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस ठेवून मोड आणा, वाळवा, मोड चोळून काढा, हलकं गरम करून दळा. जास्त भाजू नका, नाहीतर त्यातला पाचक रस मरतो. घट्ट पेज शिजवून थोडी कोमट होऊ द्या, त्यात हे पीठ चमचाभर टाकून ढवळा. पाच-दहा मिनिटांत पेज आपोआप सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी काढून भरवा. दात नसलेल्या आजीलाही हे जमेल.

डवरणीवाला, दर्यापूर

ताई, गहू विकत आणायचा कशाला? घरात ज्वारी पोत्यानं पडली आहे. ज्वारीलाच मोड आणून दळलं तर?

सिस्टर, धारणी

भाऊ, ज्वारीला मोड आणू नका. कोवळं ज्वारीचं रोप खाऊन जनावर लागतं हे तुम्हाला सांगायला नको. तेच विष मोडात असतं.

डवरणीवाला, दर्यापूर

जनावर लागतं ते वावरात वीतभर वाढलेली, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन. पावसानंतरचे फुटवे खाऊनही. दाण्याचा एवढासा मोड आणि वीतभर धांडा सारखा कसा? हुरडा तर पिढ्यानपिढ्या खातो, लेकरालाही चाखवतो. उगीच भीती घालू नका.

गोंदियाची आशा

हुरडा हा कणसातला कोवळा दाणा आहे. रोप नाही. विष दाण्यात नसतं, अंकुर फुटला की अंकुरात तयार होतं. म्हणून ज्वारीचं पीठ, कण्या, आंबील, भाकर सगळं चालतं. फक्त मोड नको.

डवरणीवाला, दर्यापूर

मोड वाळवून चोळून काढलेच की मग. तुम्हीच गव्हाला ते करायला सांगितलंत.

सिस्टर, धारणी

गव्हात राहिलेला मोड पोटात गेला तरी काही होत नाही. ज्वारीत किती राहिला हे चुलीपाशी मोजणार कोण? आठ किलोच्या जीवावर हा प्रयोग कशासाठी? पायलीभर गहू लेकराला कितीतरी दिवस पुरतो, जेवणाला चमचाच लागतो.

वऱ्हाडी आजी

मूग भिजवा ना मंग. मुंगाले मोड घरोघर आणते. इतलं भांडता कायले?

गोंदियाची आशा

आजी, मोडाचे मूग शिजवून कुस्करून द्या, उत्तमच. पण पेज सैल करायला गहूच चांगला.

डवरणीवाला, दर्यापूर

बरं. लेकराच्या पिठाला गहू. पण ज्वारीला नावं ठेवायची नाहीत. भाजलेली ज्वारी तीन वाट्या, भाजलेली मूगडाळ एक वाटी, अर्धी वाटी शेंगदाणे, हे दळून डब्यात ठेवलं तर कोणत्याही पाकिटाला मागे टाकतं.

कापूसपट्ट्यातली आई

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर ऐका. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार अनेक घरांत शेळीच्या टोपल्यात जातो, कारण चव लागत नाही. तो लेकरानं खाल्ला असता तर रात्री इतकं उठलं असतं का?

अंगणवाडीताई, कारंजा

चवीची तक्रार रास्त आहे, ती वर पोहोचवते. तोवर त्यात गूळ आणि शेंगदाणा कूट घालून शिजवा. पाण्यात कालवून कच्चं देऊ नका. वर्षाच्या आत मध मात्र अजिबात नको.

सिस्टर, धारणी

सगळे खिचडीवर अडले, लोहाचं कुणीच बोललं नाही. जन्माच्या वेळी अंगात साठवलेलं लोह सहा महिन्यांत संपतं आणि दुधात ते फार कमी. लोह कमी असलेलं लेकरू किरकिरं होतं, नीट खात नाही, झोपही चाळवते. सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, 1 मिली. लिंबाचे थेंब पिळलेल्या वरणभाताबरोबर द्या, दुधाबरोबर नको. शी काळी होते, घाबरायचं नाही. आणि चहा! बशीत चहा आणि त्यात बिस्कीट बुडवून नऊ महिन्यांच्या पोरांना देतात. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, बिस्किटानं भूक मरते आणि संध्याकाळच्या चहानं झोप उडते. रात्रीचं दूध तोडायच्या आधी तो चहा तोडा.

वऱ्हाडी आजी

घोटभर चहानं काय होते?

सिस्टर, धारणी

वर सांगितलं तेच होतं, आजी.

डवरणीवाला, दर्यापूर

उन्हाळ्याचंही लिहा कुणीतरी. मे महिन्यात पारा 45 वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या. तेव्हा लेकरू तहानेनं उठतं. उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्यानं दोन-चार घोट द्यावं. बाटली नको, तिचं बूच आणि निप्पल नीट धुतलं जात नाही, जुलाब तिथूनच लागतात. आणि पाणी पाजायला मायच कशाला? बाप उठू शकतो. सवयीनं उठणाऱ्या लेकराला बापानं थोपटलं तर दुधाचा वास येत नाही, म्हणून लवकर निजतं.

कापूसपट्ट्यातली आई

हे मात्र पहिल्यांदा कामाचं बोललात भाऊ. नऊ महिन्यांची अट मी मागे घेते, वर्ष धरते. वरणाचं पाणीही काढते पोस्टमधून. पण मायची झोप हा प्रश्न तुम्ही कुणी सोडवलेला नाही. बाप उठेल तेव्हा उठेल.

अंगणवाडीताई, कारंजा

पोस्ट दुरुस्त केलीत तर वरच लिहा, खाली नको, लोक पहिल्या चार ओळीच वाचतात. झोपेचं म्हणाल तर वेचणीच्या दिवसांत माय रात्री लेकराजवळ आडवी पडूनच पाजू शकते, उठून बसायची गरज नाही. मात्र अंथरूण जमिनीवर हवं, जाड गोधडी लेकराच्या तोंडाजवळ नको आणि शेजारी दारू प्यालेलं कुणी झोपलेलं नको. दात आले असतील तर सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

वऱ्हाडी आजी

आन कोरफड?

सिस्टर, धारणी

कोरफड नको आजी. दोन-दोन मिनिटं कमी करा.