गच्चीवर गरुड डोक्यावर झडप घालतोय, तातडीने उपाय हवा

पानफुटी:
नमस्कार, तातडीची मदत हवी आहे. गच्चीवरच्या बागेत पाऊल टाकलं की एक गरुड मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. आज सकाळी सासऱ्यांच्या टाळूला नखं लागली, चांगलं रक्त आलं. टोमॅटो, मिरच्या, वांगी ऐन बहरात आहेत आणि पाणी घालायला वर जायची कोणाची छाती होत नाही. याला कायमचं हाकलायचा खात्रीचा उपाय सांगा. प्लीज लवकर.

रातकिडा:
कुठलं गाव? कितवा मजला? गरुड दिसायला कसा आहे? फोटो आहे का?

विजू७१:
सोप्पं आहे. संध्याकाळी दोन सुतळी बॉम्ब लावा, परत फिरकणार नाही. शिवाय जुन्या सीड्या दोऱ्याला टांगून ठेवा. आमच्या सोसायटीत कबुतरांवर हेच केलं होतं.

चिंचबन:
विजूभाऊ, पक्षी कोणता ते अजून कळलेलं नाही आणि तुम्ही बॉम्ब काढलात. पानफुटी, रातकिडा यांनी विचारलंय त्याची उत्तरं द्या. शिवाय हेही सांगा : हे कधीपासून चाललंय, आणि गच्चीच्या आसपास मोठं झाड किंवा मोबाइलचा टॉवर आहे का?

हिरवादेठ:
ते सगळं नंतर. आधी काकांची जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून नीट धुतली का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय? मधुमेह आहे का? घारी-गिधाडांची नखं सडक्या मांसात असतात, जखम लहान दिसली तरी चिघळू शकते. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

विजू७१:
रेबीजची पण घ्या, पाचही.

हिरवादेठ:
नाही हो. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ यांच्या बाबतीत ती भीती. पक्ष्याच्या नखाने तो होत नाही. धनुर्वाताचं मात्र टाळू नका.

पानफुटी:
इंजेक्शन दुपारीच दिलं. मधुमेह आहे, म्हणूनच घाबरलोय सगळे.
ठाणे, नौपाडा. तीन मजली जुनी इमारत आहे. पक्षी मोठा आहे, तपकिरी, चोच वाकडी. फोटो काढायला थांबणार कोण? झाडाचा काय संबंध? बाजूच्या प्लॉटमध्ये मोठा रेन ट्री आहे, पण तो कायमच आहे, इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही.

रातकिडा:
उडताना शेपटी बघा. मध्ये खाच, म्हणजे टोकाला दुभंगल्यासारखी दिसते की पंख्यासारखी गोल?

पानफुटी:
मिस्टरांनी जिन्याच्या दारातून बघितलं. खाच आहे. आणि घोडा खिंकाळतो तसं बारीक आवाजात ओरडतो.

चिंचबन:
मग हा गरुड नाही, आपली साधी घार आहे. आणि रेन ट्रीवर तिचं घरटं असणार, त्याबद्दल मला शंका नाही.

जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या कॉलनीत हे झालेलं आहे. घारी आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत वीण करतात. उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचा जाड ढीग रचतात आणि आत चिंध्या, सुतळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या कोंबतात. आमच्याकडच्या घरट्यातून तर झेंडूच्या सुकलेल्या हाराचं टोक लोंबत होतं. अंडी दोन-तीन. ती महिनाभर उबवतात, पुढे पिल्लं घरट्याबाहेर पडायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. या काळात, आणि पिल्लं झाल्यावर जास्तच, घरट्याच्या जवळ आलेला कोणीही त्यांना शत्रू. रस्त्यावरून माणसं जातात त्यांचं तिला काही नसतं, ती खूप खाली असतात. पण तिसऱ्या मजल्यावरची गच्ची म्हणजे रेन ट्रीच्या शेंड्याच्या पातळीला. तुम्ही तिच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहता.

इतकी वर्षं झालं नाही याचं कारण यंदा फांदी बदलली असेल किंवा जोडी नवी असेल. खात्री करायची तर दुपारी जिन्याच्या खिडकीतून अर्धा तास झाडाकडे बघत बसा. एक घार पायात काहीतरी धरून येईल आणि एकाच ठिकाणी उतरेल. तिथेच घरटं.

पुढचा प्रश्न, अगदी खरं उत्तर द्या : आसपास कोणी घारींना मांस टाकतं का?

विजू७१:
निदान झालं, छान. आता उपाय? फांदी छाटा. माळी पाचशे रुपयांत छाटून देईल.

रातकिडा:
विजूकाका, असलं काही सुचवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही येतं. शिवाय शहरात झाडाची फांदी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्या माळ्यावर आणि पानफुटींवर दोघांवर केस होईल.

विजू७१:
म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं डोकं फुटलं तरी कायदा पक्ष्याच्या बाजूने? कमाल आहे.

पानफुटी:
कृपया भांडू नका. मला पक्षीप्रेमावर व्याख्यान नको आणि कोर्टकचेरीही नको. सासऱ्यांना एका डोळ्याने कमी दिसतं. सकाळी दोन तास बागेत घालवणं हा त्यांचा एकच विरंगुळा. सासूबाई गेल्यापासून त्यांनी ती बाग उभी केली आहे. ते ऐकत नाहीत, उद्याही वर जाणार. उद्या सकाळी काय करू ते सांगा.

मधुरा_मेलबर्न:
पानफुटी, आमच्याकडे ऑस्ट्रेलियात सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅगपाय असेच अंगावर येतात. सायकलवाले हेल्मेटला केबल टाय उभे बांधतात, लोक टोपीच्या मागच्या बाजूला डोळे चिकटवतात किंवा छत्री घेऊन फिरतात. नगरपालिका चक्क पाट्या लावते की इथे पक्षी झडप घालतो, दुसऱ्या रस्त्याने जा. आठ-दहा आठवड्यांत सगळं शांत होतं. माझा मुलगा छत्री उघडून शाळेत जायचा, एकदाही लागलं नाही.

चिंचबन:
मॅगपाय शिकारी पक्षी नव्हे, घारीची नखं निराळी. केबल टायचं घारीवर कितपत चालेल मी सांगणार नाही. पण छत्रीचं शंभर टक्के खरं. घार जवळजवळ नेहमी मागून येते. उघडी छत्री डोक्यावर असली की तिला झडप घालायला जागाच राहत नाही.

आप्पा_गुहागर:
आमच्याकडे घार नाही, पण शिक्रा आहे, त्याचं सांगतो. कबुतराएवढा पक्षी, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळा लालभडक. परसात कोंबडीची पिल्लं सोडली की हा फणसाच्या आतल्या फांदीवर गुपचूप बसून राहतो. कोंबडीला आधी कळतं. ती घशातून एक लांबलचक आवाज काढते, पिल्लं धावत येऊन पोटाखाली शिरतात, आणि ती पंख सोडून अंगणाच्या मधोमध बसून राहते. एखादं पिल्लू मागे राहिलं की गेलंच. वहिनींनी घमेलं वाजवेपर्यंत तो कुंपणापार झालेला असतो. उपाय एकच : मच्छीमारांकडून जुनं जाळं आणायचं आणि खुराड्यापुढची जागा वरून झाकून टाकायची. आम्ही ते केलं, तेव्हापासून पिल्लं वाचली. ताईंनीही बागेवर जाळंच घालावं.

सातपुडा:
आप्पा, जाळं जमिनीपर्यंत सोडू नका. परसात धामण येते, ती त्यात अडकते आणि सोडवणारा मिळेपर्यंत उन्हात मरते. खालून वीतभर मोकळं ठेवून तिथे बारीक लोखंडी जाळी ठोका. बाकी शिक्र्याचा इतका राग नको, तो सरडे आणि उंदीरही तेवढेच उचलतो.

आप्पा_गुहागर:
राग नाही हो. पिल्लं आमची आहेत म्हणून सांगितलं. धामणीचं लक्षात ठेवतो.

काकाश्री:
ठाण्या-मुंबईत रेन ट्री अजून हिरवा आहे हे ऐकूनच बरं वाटलं. पिठ्या ढेकणाने किती वाळले गेल्या काही वर्षांत! आमच्या गल्लीतले सगळे गेले. तुमच्या झाडाच्या फांद्यांवर पांढरी पूड दिसते का? दिसत असेल तर महापालिकेला आत्ताच कळवा.

पानफुटी:
काकाश्री, झाडाचं नंतर बघते.
चिंचबन, तुम्ही विचारलंत म्हणून : हो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून एक काका रोज संध्याकाळी कोंबडीची आतडी-बितडी हवेत उडवतात, घारी ती वरच्या वर झेलतात. पंधरा-वीस घारी जमतात. मुलं बघायला थांबतात. याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

चिंचबन:
आहे. दिल्लीत घारींचा बराच अभ्यास झालाय, तिथे पुण्य म्हणून मांसाचे तुकडे उडवायची जुनी रीत आहे. ज्या वस्तीत घारींना माणसाच्या हातून खायला मिळतं आणि उकिरडे भरपूर असतात, तिथल्या घारी घरट्यापाशी माणसाला जास्त धीटपणे भिडतात. माणसाची भीती चेपलेली असते. त्या काकांशी गोडीत बोला. पुण्य करायचंच असेल तर गच्चीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा म्हणावं, एप्रिल-मेमध्ये त्याची जास्त गरज असते.

आणि उद्यासाठी : सासऱ्यांनी वर जाताना छत्री उघडी ठेवायची. दोन्ही हात लागणार असतील तर मोटरसायकलचं हेल्मेट. अवजड वाटलं तर बांधकामावरची प्लास्टिकची टोपी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. झाडाकडे पाठ करून वाकायचं नाही, झाडाकडे तोंड ठेवून काम करायचं. बरोबर दुसरं कोणी असलं तर त्याने फक्त झाडावर लक्ष ठेवायचं. हलवता येतील त्या कुंड्या झाडापासून लांबच्या कठड्याकडे सरकवा आणि त्यांच्यावर हिरवी शेडनेट छतासारखी ताणून घ्या, उन्हाळ्यात टोमॅटोला तशीही लागतेच. पाणी घालायचं काम अंधार पडल्यावर करा. घार दिवसाचा पक्षी, दिवेलागणीनंतर ती फांदी सोडत नाही.

हिरवादेठ:
चष्मा किंवा गॉगलही घालायला सांगा. ज्या डोळ्याने दिसतं तो एकच आहे.

रातकिडा:
वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६, महाराष्ट्रात कुठूनही चालतो. घरटं ते काढणार नाहीत, पण येऊन बघतील आणि पिल्लू खाली पडलं तर काय करायचं ते सांगतील. ही वेळ येतेच. पडलेलं पिल्लू बघून लोक दूध पाजतात, ते अजिबात करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, अंधार करा, फोन करा.

विजू७१:
ठीक आहे, बॉम्ब मागे. पण पुढच्या वर्षी परत तेच होणार ना? घारी जुनं घरटं पुन्हा वापरतात असं ऐकलंय.

चिंचबन:
वापरतात, बरोबर बोललात. म्हणून फांदीचा विषय पावसाळ्यात काढायचा. पिल्लं उडून गेली, घरटं रिकामं असल्याची खात्री झाली, की सोसायटीच्या लेटरहेडवर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. गच्चीकडे झुकलेल्या फांद्यांची विरळणी मागा, झाड तोडणं नव्हे.

नलिनी_सोलापूर:
आमच्या आंब्यावर पिंगळा बसतो, शेजारच्या काकू म्हणतात अपशकुन आहे, हाकला. काय करावं?

सातपुडा:
नलिनीताई, बसू द्या. पिंगळा किडे आणि उंदीर खातो, झाडाची ढोली त्याचं घर. फक्त घरात उंदरांचं औषध घालू नका. औषध खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही मरतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

पानफुटी:
सगळ्यांचे आभार. अपडेट देते. वनखात्याचे दोघे येऊन दुर्बिणीतून बघून गेले. घरट्यात दोन पिल्लं आहेत, पांढुरक्या पिसांची, अजून उभीही राहत नाहीत. म्हणजे महिनाभर तरी जाईल म्हणाले. मिस्टर समोरच्या काकांकडे गेले होते. ते आधी चिडले, मग बाबांच्या डोक्यावरची पट्टी बघून गप्प झाले. दोन संध्याकाळी काही टाकलेलं नाही, पुढचं बघू.

बाबा हेल्मेट घालायला तयार नव्हते, छत्रीला तयार झाले. काल एका हाताने छत्री, एका हाताने वांग्याची कीड वेचत होते. घार दोनदा वरून गेली, खाली आली नाही. तरी मी जिन्यात उभी राहते.

आता नवीन प्रश्न. पाणी रात्री आठला घालतोय. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत, त्यावर तपकिरी गोल डाग. रात्रीच्या पाण्याने का?

काकाश्री:
पाणी झारीने वरून घालता का नळीने बुडाशी? कुंडी केवढी? फोटो टाका.

हिरवादेठ:
डागांत गोल गोल वळी दिसत असतील तर करपा. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. रात्री पानं ओली राहिली की तो पसरतो. बुडाशी पाणी घाला, पान भिजू देऊ नका.

आप्पा_गुहागर:
पाण्याच्या बाटलीला बुडाशी सुईने भोक पाडून कुंडीत उलटी खोचा, बूड कापून वरून भरा. झाकण घट्ट ठेवा. दिवसभर थेंब थेंब झिरपतं. रात्री फक्त बाटल्या भरायच्या, पान भिजत नाही आणि वर थांबावं लागत नाही.

विजू७१:
आप्पा, बाटली उलटी केल्यावर बूड वर येतं आणि तेच तुम्ही कापायला सांगताय. भोक झाकणाला पाडायचं असेल.

आप्पा_गुहागर:
हो, झाकणाला. एकच, आणि अगदी बारीक. मातीने बुजू नये म्हणून झाकणाखाली चिमूटभर वाळू घाला.