जुन्या प्लेटिंग युनिटच्या प्लॉटवरची माती लॅबला कशी पाठवायची?

करवीर_७७: गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक बंद प्लेटिंग युनिट (धातूवर मुलामा चढवायचा कारखाना) आहे, मागं जमिनीत डिझेलची टाकी होती, घेणारी पार्टी म्हणतेय आधी माती तपासा. लॅब नवी मुंबईत. मला शेतातलं सॅम्पल घ्यायची सवय आहे, व्ही आकाराचा खड्डा, आठ-दहा ठिकाणची माती घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, सावलीत वाळवून अर्धा किलो कापडी पिशवीत. हेच चालेल ना? रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकणार होतो.

खड्डेबहाद्दर: अरे थांब! मिसळलंस आणि वाळवलंस की बेंझिन, टोल्युइन ही डिझेलमधली केमिकल घमेल्यातूनच उडून जाणार, रिपोर्ट मस्त क्लीन येईल आणि टाकीखालची घाण तिथंच राहील. टाकीजवळची माती न मिसळता डायरेक्ट लॅबनं दिलेल्या काचेच्या बाटलीत, वर हवा न ठेवता गच्च भर, झाकणाला आतून टेफ्लॉन पाहिजे. उडणाऱ्या केमिकलसाठी काही लॅब आधीच मिथेनॉल भरलेल्या बाटल्या देतात, ते सांडायचं नाही. प्लेटिंग टँकच्या बाजूला क्रोमियम बघायचंय तर क्रोम चढवलेलं खुरपं नको, प्लास्टिकचा स्कूप घे, आणि दर खड्ड्याला हातमोजे बदल. जनरेटर चालू असेल तिथनं लांब भर बाबा.

लॅबकडची_मी: आमच्याकडं निम्मी भांडणं कागदावरनं होतात. बाटलीवर नंबर, खोली, तारीख, वेळ, आणि तेच्या तेच कस्टडी फॉर्मवर, म्हणजे सॅम्पल कुणाकडनं कुणाकडं गेलं त्याच्या सह्यांचा कागद. फॉर्म झिपलॉकमध्ये घालून बर्फाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, बर्फाच्या पाण्यात भिजलेला फॉर्म वाचता येत नाही हो. आणि नुसतं ‘मेटल्स’ लिहू नका, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार) वेगळं मागावं लागतं, नाहीतर टोटल क्रोमियमच करून मिळतं. सॅम्पल घेतल्यापासून तपासायच्या मुदती पण वेगवेगळ्या, यूएस ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) पद्धतीत पारा २८ दिवस, बाकीचे धातू १८० दिवस, पण मिथेनॉल न घातलेल्या उडणाऱ्या केमिकलच्या सॅम्पलला ४८ तासच, म्हणून शनिवारी पाठवू नका, रविवारी घेणार कोण?

करवीर_७७: बापरे. मग ट्रॅव्हल्स कॅन्सल? आणि ड्राय आइस घालू का?

लॅबकडची_मी: ड्राय आइस नको, माती गोठून बाटली तडकते. साधा बर्फ डबल पिशवीत, ४ डिग्रीच्या आसपास राहिलं की झालं. ट्रॅव्हल्स कॅन्सलच करा, तिच्या डिकीत सॅम्पलला कोण हात लावतंय ते फॉर्मवर येत नाही, त्यात तिथं डिझेलचा वास. मिथेनॉल असेल तर ते ज्वलनशील, कुरिअरला सांगावंच लागतं.

खड्डेबहाद्दर: मी तर गाडी काढून स्वतःच नेऊन देतो, सही घेऊनच निघतो. आणि लॅबचं काम तपासायला दहा सॅम्पलमागं एक डुप्लिकेट घे, म्हणजे त्याच जागेचं दुसरं सॅम्पल, त्याला वेगळाच नंबर दे, लॅबला सांगू नको.

लॅबकडची_मी: आम्हाला कळतं ते 😄