मोतीबिंदू रक्तातच असेल, तर टोपी-गॉगल कशाला?

दर्याकिनारा: मोतीबिंदू जनुकांतल्या बिघाडाने होतो. ज्या घराण्यात आहे तिथे होणारच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात खलाशांना गॉगल वाटणं म्हणजे पैसे पाण्यात.

खाडीकाठ: हे वाचून गप्प बसवत नाही. जन्मजात आणि उतारवयातला, दोन्हींची गल्लत केलीत. क्रिस्टॅलिन म्हणजे डोळ्यातल्या भिंगाची प्रथिनं; त्यांच्या जनुकातला एकच जबर बदल तान्ह्या बाळाचं भिंग गढूळ करू शकतो. उतारवयात मात्र अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात. अल्फा-क्रिस्टॅलिन त्यांना सावरून धरतं. ते कमी पडलं की गुठळ्या होतात. ऊन, विडी, मधुमेह याच प्रथिनांवर घाव घालतात.

दर्याकिनारा: 2000 सालचा ब्रिटनमधला जुळ्या बहिणींचा अभ्यास बघा. भिंगाच्या गाभ्यातल्या मोतीबिंदूत अनुवंश 48 टक्के, परिसर फक्त 14.

खाडीकाठ: आकडे बरोबर, अर्थ चुकीचा. ती माणसामाणसांतल्या फरकाची वाटणी आहे, एकाच्या डोळ्याचं भाकीत नव्हे. शिवाय तुम्ही गाभ्याचं सांगताय; उन्हाचा संबंध भिंगाच्या कडेने आत सरकणाऱ्या कॉर्टिकल मोतीबिंदूशी. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या 838 मच्छीमारांच्या 1988 च्या अभ्यासात यूव्ही-बी (उन्हातली एक प्रकारची अतिनील किरणं) दुप्पट झालं की कॉर्टिकलचा धोका 1.6 पट निघाला.

नांगर: गॉगल वाटताना नुसती काळी काच नको. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि यूव्ही आत शिरतं. 'यूव्ही 400' (म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडवणारा) लिहिलेला, कडेने झाकणारा घ्या. वर रुंद काठाची टोपी.

भरती: गॉगल राहू द्या. खरा घात "पिकू दे, मग काढू" या सल्ल्याने होतो! मोतीबिंदू म्हणजे अढीतला हापूस नव्हे. गाभा तपकिरी, टणक झाला की फोडायला जास्त अल्ट्रासाउंड लागतो, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजतो. फार पिकला तर प्रथिनं पाझरून डोळ्याचा दाब चढतो, डोळा ठणकतो, नजर जाऊ शकते.

दर्याकिनारा: पण पावसाळ्यात ऑपरेशन करत नाहीत ना?

भरती: हे कोणी पसरवलंय? ऑपरेशन थिएटर निर्जंतुक असतं, बाहेर कितीही कोसळो. उलट 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, खलाशाला तोच काळ सोयीचा. ऑपरेशननंतर महिनाभर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही. होडीवर हे जमतं का?

दर्याकिनारा: बरं, गॉगलचे पैसे पाण्यात, हे मागे घेतो. अनुवंशाचं नाही.

खाडीकाठ: अनुवंश कोणी नाकारलाय? ईपीएचए-2 जनुकाचा कॉर्टिकलशी संबंध सापडलाच आहे. म्हणून तर अशा घरात टोपी आधी हवी.

भरती: आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ही गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. ऑपरेशनमध्ये बाहुली आकसते, भोवतालचा पडदा ढिला पडून फडफडतो. आधी माहीत असेल तर ते तयारीने बसतात.