समेवरची दाद

‘घरी हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतं, मग गर्दीत कशाला जायचं?’ असं शास्त्रीय गाण्याच्या मैफलींबद्दल कुणीतरी विचारलंय. मला तरी समोर बसून ऐकायची बैठकच हवी. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात गायक तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरी) भरत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे येतो, तबलजीची नजर त्याच्याकडे वळते, शेजारच्या अनोळखी आजोबांचा मांडीवर ताल धरलेला हात क्षणभर थबकतो आणि समेवर सगळ्यांच्याच तोंडून ‘आहा’ निघतं. ती दाद पोचली की गायक तीच जागा, म्हणजे सुरांची तीच नक्षी, पुन्हा वेगळ्या वाटेने घेतो. घरी ऐकताना आपण त्या देवाणघेवाणीत नसतो.

मला खंत आहे ती वेळेची. १९५३ पासूनचा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना रात्री दहाची मर्यादा आली. आसपास राहणाऱ्यांची झोप महत्त्वाची, ते मला पटतंच. पण मध्यरात्रीचा दरबारी राग आणि पहाटेचा ललित राग समोर बसून ऐकायचा तर आता जायचं कुठे? बंदिस्त सभागृहांना ती अट नाही. तिथे तरी आयोजकांनी वर्षातून एखादी रात्रभराची बैठक ठेवावी, तिकीट काढून येणारे आम्ही आहोत.