मृग लागला, बजेट एकाच हेडफोनचं: ओपन-बॅक की क्लोज्ड?

सड्यावरचा (धागाकर्ता)
मंडळी, राजापूरजवळ गावात घर आहे. पुढचं घर कौलारू, मागच्या पडवीवर पत्रा, आणि माझी खोली नेमकी पत्र्याखाली. रात्री जेवणं आटोपली की दोनेक तास ऐकतो. जास्त करून शास्त्रीय, जुन्या मैफिली, मध्येच डबलबारीचं भजन. आजवर इअरफोनवर भागवलं. आता दहा हजारांच्या आत एक नीट वायरचा हेडफोन घ्यायचाय.

पुण्यातल्या मित्राकडे ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची असलेला, ऐकला आणि वेडच लागलं. गायक डोक्याच्या आत कोंबलेला नाही, समोर हातभरावर मांडी घालून बसलाय असं वाटलं. घरी आलो, त्याच रात्री पाऊस धरला, आणि पत्र्याकडे बघत बसलो. हा इथे कसा चालायचा? काय घेऊ?

जवारी
ओपन. पुढचे प्रतिसाद वाचू नका, ऑर्डर टाका.

कारण सांगतो. ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे हलतो तेवढाच मागेही हलतो. ओपनमध्ये मागचा आवाज जाळीतून निघून जातो. क्लोज्डमध्ये तो कपाच्या भिंतीवर आपटतो, आत फोम भरून कितीही शोषला तरी थोडा परत येतो आणि सुरात मिसळतो. नुसत्या ठेक्यात हे कळणार नाही, तानपुऱ्यात कळतं. एका तारेतून वरच्या स्वरांची जी झालर सुटते, ती बंद डब्यात गुंतून बसते. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत, रोज हात ओपनकडेच जातो. सेनहायझर कंपनीने १९६८ साली पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ काढला, तेव्हापासून लोक या प्रकाराच्या मागे लागलेत ते उगाच नाही.

ओहमचा_नियम
जवारी, तुम्ही चिपळुणात स्लॅबच्या घरात राहता हे आधी सांगा की!

आषाढात पत्र्याखाली शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. ओपन हा आवाज अडवतच नाही. ज्या जाळीतून गाणं बाहेर जातं त्याच जाळीतून पाऊस आत येतो. मग माणूस काय करतो? आलाप ऐकू येईना म्हणून आवाज वाढवतो, आणि आलापाला वाढवलेला आवाज द्रुतमध्ये कानात खिळ्यासारखा घुसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. तुमचे रोजचे दोन म्हणजे आठवड्याचे १४ झाले. क्लोज्ड घ्या, बेताच्या आवाजात ऐका.

आणखी एक. सेनहायझरच्या तीनशे ओहमच्या एचडी ६०० ची स्वप्नं बघू नका. बजेटबाहेर आहेच, शिवाय एवढ्या ओहमच्या, म्हणजे विजेला एवढा अडथळा करणाऱ्या हेडफोनला अँप, म्हणजे ताकद पुरवणारा अँप्लिफायर, लागतो, अँपला लाईट लागते. पावसात लाईट किती असते ते तुम्हाला माहीत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तीन इम्पीडन्समध्ये (म्हणजे तोच अडथळा) येतो, ३२, ८० आणि २५० ओहम. असा पर्याय असेल तिथे फोनसाठी ३२ वालाच बघायचा.

मालवणी_मसालो
अरे मेल्या, पावसात गाणा आयकतंस कित्याक? पाऊस आयक आणि गप नीज.

खाडीपलीकडे
मी आधी क्लोज्डवाला होतो. गेल्या मे महिन्यात दुपारी कानाला लावून पडलो होतो. काय सुंदर ऐकू येत होतं म्हणून सांगू! इतकं सुंदर, की परसात वांदरांचा कळप उतरलाय, आई पडवीतून हाका मारतेय, कुत्रा गळा फाडतोय, आणि मला पत्ता नाही. दोन कापे फणस गेले, सतरा मंगलोरी कौलं फुटली. आई अजून त्या हेडफोनला ‘बहिरोबा’ म्हणते.

गावच्या घरात कान उघडे लागतात. पंप बंद करायचा असतो, गोठ्यात काही झालं तर उठायचं असतं. ओपन घेतल्यापासून आईला एका हाकेत ओ मिळते.

ओहमचा_नियम
कौलं फुटली म्हणून कान फोडून घ्यायचे? दुपारी राखण करा, रात्री गाणं ऐका.

चाकरमानी_दादर
एवढं कशाला, नॉइज कॅन्सलिंग घ्या. मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो की मी बटण दाबतो, पनवेल ते चिपळूण गाडी जणू हवेत चालते.

ओहमचा_नियम
गाडीत चालतं कारण तिथली घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसारखी असते. तिच्या उलट लहर तयार करून ती खोडता येते. पत्र्यावरच्या पावसात वरच्या पट्टीची तडतड भरपूर, तिथे ही विद्या तोकडी पडते. ती तडतड अडवतो तो जाड पॅड आणि बंद कप. म्हणजे परत क्लोज्डच.

कातळशिल्प
सगळे आवाजावरून भांडताय. पहिला पावसाळा कोण काढणार त्याचं बोला ना.

मी वेंगुर्ल्याचा, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटं. क्लोज्ड घेतला, पॅड नकली चामड्याचे. दुसऱ्या श्रावणात एका रात्री कानावरून काढला तर गालभर काळे पापुद्रे. बायको म्हणाली, कल्ले कधी ठेवलेत? हे चामडं म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर. दमट हवेत ओल त्याला आतून तोडत जाते, वापरा नाहीतर कपाटात ठेवा. नवे पॅड मागवले. पॅडची ओठासारखी कड कपाच्या खाचेत बसवायची असते. एका बाजूने बसवत न्यावी तर दुसऱ्या बाजूने सुटते. अर्धा तास घामाघूम झालो. बसले एकदाचे, तर पॅड आधीच्यापेक्षा जाड निघाले आणि तबल्याचा बाया नुसता ढब ढब वाजायला लागला.

मखमली पॅडचे पापुद्रे निघत नाहीत, पण त्यावर पांढरी बुरशी धरते. काढून धुता येतात एवढं बरं. मात्र क्लोज्डला मखमली लावले तर कानाभोवतीची हवा सुटते आणि खर्ज पातळ होतो.

आता ओपनवाल्यांनी लगेच हसू नये. माझ्या मेहुण्याच्या ओपनमध्ये डाव्या बाजूला खरखर यायची. ड्रायव्हर गेला म्हणून तो रडकुंडीला आला होता. जाळी उघडली तर आत मुंगी, जिवंत, पडद्यावर फिरत होती. केसाचा एक तुकडा पडला तरी हेच होतं. जाळी आहे म्हणजे धूळ, पाखरं, सगळ्यांना दार उघडं.

म्हणून कुठलाही घ्या, ऐकून झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ नको, त्याचं पीठ जाळीत जातं. जॅकवर हिरवट थर दिसला तर कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर एका कानाचं गाणं अधूनमधून गायब होईल आणि तुम्ही फोनला शिव्या द्याल.

जवारी
धागाकर्त्याला एक विचारायचं राहिलं. चष्मा आहे का?

सड्यावरचा
आहे. जाड काडीचा. का हो?

जवारी
मग क्लोज्डची निम्मी मजा गेलीच. क्लोज्डचा खर्ज उभा असतो तो पॅड आणि कातडी यांच्यातल्या बंद हवेवर. चष्म्याची काडी तिथे फट पाडते. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते, नेमकं तिथलंच बळ त्या फटीतून निसटतं. ओपनमध्ये खोल खर्ज आधीच बेताचा, त्यामुळे चष्म्याने फारसं बिघडत नाही.

ओहमचा_नियम
हे मान्य. पण मग तुमच्या ‘समोर बसलेल्या गायका’चंही बघू. धागाकर्ता जुन्या मैफिली ऐकतो. त्यातल्या बहुतेक मोनो. दोन्ही कानांना एकच आवाज, तो डोक्याच्या मध्यावरच बसणार, कप उघडा असो की बंद. पुण्याच्या मित्राने ऐकवलं ते नवं स्टिरिओ रेकॉर्डिंग असणार. बरोबर ना?

सड्यावरचा
बरोबर. अलीकडचंच होतं. पकडलंत.

जवारी
मोनोत रुंदी नाही मिळणार, कबूल. पण कपातला तो डब्यातल्यासारखा घुमारा मोनोलाही चिकटतो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणात आधीच काय ते थोडं असतं. त्यात आपली भर कशाला? शिवाय दोन तास ऐकून क्लोज्ड काढला की कान वाफवलेल्या मोदकासारखे होतात, ते कुणी बोलत नाही.

सड्यावरचा
परवा चुलत भावाचा क्लोज्ड आणून बसलो. जवारी म्हणतात ते खरं निघालं. चष्मा काढला की खर्जाची तार छातीपर्यंत येते, घातला की तार आहे पण अंग नाही. आणि ओहमसाहेबांचंही खरं. पत्र्याचा पाऊस निम्म्यावर आला, आवाज तीन रेघा कमी ठेवून ऐकलं.

मग सहज उठून माजघरात गेलो. वर कौलं, मध्ये माळा, माळ्यावर पेंढा. तिथे तोच पाऊस दुसऱ्या गावात पडतोय असं वाटलं. इतकी वर्षं या घरात राहतो, पण ऐकायला कधी माजघरात बसलोच नव्हतो, कारण तिथे आईची मालिका चालू असते. ती साडेनऊला संपते.

तर आता ओपनकडे झुकलोय, कमी ओहमचा, धुता येतील असे मखमली पॅड. आईला सांगितलं की थोडं बाहेर ऐकू येईल. ती म्हणाली, येऊ दे की, भजन असलं तर मीही बसते.

ओहमचा_नियम
आईलाही ऐकवायचं तर हेडफोन कशाला? स्पीकर घ्या!

सड्यावरचा
आणि लाईट?